नावाचा बादशहा

मोगल बादशहा म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बाबरापासून औरंगजेबापर्यंतचे सहा पुरुष उभे राहतात, आणि तेथे ही मालिका तुटते. मी पुष्कळ वर्षे शाळेत इतिहास शिकविला. फळ्यावर १७०७ हे औरंगजेबाच्या मृत्यूचे साल लिहिले की मुले वह्या मिटू लागत. यापुढे दिल्लीत काय झाले असेल, असा प्रश्न क्वचितच एखादा मुलगा विचारी. वास्तविक त्यानंतरही दीडशे वर्षे दिल्लीत बादशहा होते, आणि त्यांपैकी एकाने तर सुमारे सत्तेचाळीस वर्षे राज्यपद भोगले. अकबर आणि औरंगजेब हे दोघे सोडले तर एवढा दीर्घकाळ मोगलांपैकी कोणीही बादशहा म्हणून नांदला नाही. मी 'भोगले' आणि 'नांदला' असे म्हणतो खरा. पण ही क्रियापदे या माणसाच्या बाबतीत किती खरी आहेत, ते पुढील कथेवरून आपणच ठरवावे. हा बादशहा म्हणजे दुसरा शहाआलम होय.

याच्याविषयी बोलावयाचे ते एवढ्यासाठी की, याच्या चरित्राचा एक धागा थेट आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोचतो. दुसरेही एक कारण आहे. शहाआलमापाशी सैन्य नव्हते, पैसा नव्हता, बहुतेक काळ स्वतःची भूमीही नव्हती. तरीसुद्धा मराठे, इंग्रज, अफगाण, अयोध्येचे नबाब, हे सारे त्याच्या शिक्क्यासाठी धडपडत होते. ज्याच्या नावाला एवढी किंमत, त्या माणसाच्या पदरात त्या किमतीपैकी काय पडले, हे पाहण्यासारखे आहे.

त्याचे मूळ नाव अली गौहर. जन्म २५ जून १७२८ चा. जन्म लाल किल्ल्यात झाला असला तरी तो राजपुत्राच्या थाटात झाला असे मात्र समजू नये. किल्ल्याच्या एका भागात राजवंशातील अनेक शाखांची माणसे जन्मभर कोंडून ठेवलेली असत. त्यांना बाहेर पडण्याची मुभा नसे, कारण त्यांपैकी कोणालाही उचलून कोणीही सरदार तख्तावर बसविण्याचा संभव असे. अली गौहराचा पिता अझीझुद्दीन हा या बंदिवानांपैकीच एक. १७५४ साली वजीर इमाद-उल-मुल्क याने मराठ्यांच्या पाठबळावर जुन्या बादशहास पदच्युत केले आणि या वृद्ध अझीझुद्दीनास बाहेर काढून 'दुसरा आलमगीर' म्हणून तख्तावर बसविले. मुलाचे वय तेव्हा सव्वीस होते. तोपर्यंत त्याचे जग म्हणजे किल्ल्याच्या भिंती आणि पुस्तके. फारसी, अरबी, तुर्की व हिंदी या भाषांत तो निष्णात झाला, कविता करू लागला. पण घोडा, तलवार आणि माणसांची पारख ही विद्या ज्या वयात शिकावयाची ते वय त्या कोंडवाड्यात निघून गेले होते. पुढे त्याच्या हातून ज्या चुका झाल्या त्यांचा हिशेब मांडताना ही गोष्ट विसरू नये.

वजिराला बादशहा हवा होता तो बाहुले म्हणून. मुलगा मात्र थोडा मानी निघाला. १७५८ साली इमादने दिल्लीत त्याच्या वाड्यास वेढा घातला. अली गौहर मूठभर साथीदारांनिशी भिंतीला भगदाड पाडून निसटला आणि जवळच असलेल्या एका मराठी सरदाराच्या छावणीच्या आश्रयाने सुखरूप राहिला. मराठ्यांशी त्याचा पहिला निकट संबंध आला तो असा. तेथून तो पूर्वेकडे गेला. त्याच्या पाठीमागे, २९ नोव्हेंबर १७५९ रोजी, एका सिद्ध फकिराचे दर्शन घडवितो असे सांगून वजिराने त्याच्या बापास फिरोजशहाच्या कोटल्यात नेले आणि तेथे त्याचा खून करविला. बादशहाचे प्रेत यमुनेच्या वाळवंटात फेकून दिलेले होते. ही बातमी बिहारात मुलास कळली, तेव्हा त्याने एका खेड्यात, उसन्या सामग्रीनिशी, स्वतःस बादशहा म्हणून जाहीर केले आणि शहाआलम हे नाव घेतले. शहाआलम म्हणजे जगाचा राजा.

आता मौज पाहा. दिल्लीत इमादने आपला दुसराच एक बादशहा उभा केला होता. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत शिरले. खजिन्याची तंगी इतकी की दिवाण-इ-खासाच्या छताचे रुपे काढून त्याचे नाणे पाडावे लागले, हे आपण सर्व जाणताच. परंतु त्याच भाऊंनी १० ऑक्टोबर रोजी इमादच्या बाहुल्यास खाली उतरवून शहाआलमाच्या नावाची द्वाही फिरविली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पुढे पानिपत झाले. जिंकणारा अहमदशहा अब्दाली दिल्लीस आला, आणि परत जाताना त्यानेही बादशहा म्हणून मान्यता दिली ती या शहाआलमासच! रणांगणावर ज्या दोघांनी एकमेकांचा संहार मांडला, त्यांचे या एका नावावर एकमत झाले. आणि ज्याच्या नावावर हे एकमत झाले तो तेव्हा दिल्लीत नव्हताच. तो बिहारात इंग्रजांकडून मार खात होता. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. दुसऱ्याच दिवशी गयेच्या बाजूस मेजर कर्नाक याने शहाआलमाचा मोड केला. आणि त्याच सुमारास पाँडिचेरी फ्रेंचांच्या हातून गेली. तीन-चार दिवसांच्या आत मराठे, मोगल आणि फ्रेंच असे तिघेही खाली बसले. चौथा पक्ष कोणता उभा राहिला ते सांगावयास नको.

लढाईनंतर इंग्रजांनी शहाआलमास पाटण्यास आणले आणि तेथे बंगालच्या नबाबाने, मीर कासीमने, त्यास मुजरा केला. हा दरबार भरला तो इंग्रजांच्या वखारीत. सिंहासन कोठून आणावयाचे? तेव्हा साहेबांची जेवणाची मेजे एकत्र जोडून त्यांवर वस्त्रे अंथरली आणि तेच तख्त केले. इंग्रजांनी हा सारा खटाटोप उगीच केला नाही. व्यापाऱ्याने सुभ्यावर राज्य करावयाचे, तर त्याला कोणाचा तरी लेखी अधिकार हवा. तो अधिकार देणारी लेखणी हिंदुस्थानात एकच होती.

तो लेख त्यांनी चार वर्षांनी मिळविला. मधल्या काळात शहाआलम, अयोध्येचा शुजाउद्दौला आणि इंग्रजांशी बिघडलेला मीर कासीम हे तिघे एकत्र झाले आणि २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सारच्या लढाईत हरले. बादशहा त्या लढाईत जवळजवळ शुजाच्या नजरकैदेतच होता. लढाई संपताच तो इंग्रजांच्या छावणीत आला. १२ ऑगस्ट १७६५ रोजी अलाहाबाद येथे क्लाइव्हने त्याच्याकडून बंगाल, बिहार आणि ओरिसा या तीन प्रांतांची दिवाणी कंपनीच्या नावे लिहून घेतली. दिवाणी म्हणजे महसूल वसूल करण्याचा आणि दिवाणी न्याय देण्याचा अधिकार. मोबदला म्हणून बादशहास सालीना सव्वीस लक्ष रुपये आणि खर्चास कोरा व अलाहाबाद हे दोन जिल्हे. एवढ्या विस्तीर्ण आणि सुपीक मुलखाचा व्यवहार थोड्याच दिवसांत उरकला. एरवी मोगल दरबारात एखाद्या परगण्याच्या सनदेसाठी वकिलांना महिनोन्महिने खेपा घालाव्या लागत.

शहाआलमाने हिंदुस्थान विकला, असा आरोप यावरून काही ग्रंथकार करतात. मला तो न्याय्य वाटत नाही. जे प्रांत त्याच्या बापाच्याही हाती नव्हते, जेथून वर्षानुवर्षे खंडणीचा एक रुपया येत नव्हता, त्यांच्याबद्दल त्याला सव्वीस लक्ष मिळत होते. त्याच्या जागी कोणता व्यवहारी मनुष्य 'नाही' म्हणाला असता? मात्र त्या कागदाचे पुढे काय होईल हे त्याला दिसले नाही. दिवाणी पाच वर्षांचीही झाली नाही तोच १७७० साली बंगालात भयंकर दुष्काळ पडला आणि असंख्य माणसे अन्नावाचून मेली; महसुलाची वसुली मात्र चालूच राहिली. ती वसुली ज्या सनदेने होत होती तीवर मोहोर शहाआलमाची होती.

अलाहाबादेस सहा वर्षे तो इंग्रजांच्या आश्रयाने राहिला. पोट भरत होते, पण मान नव्हता. तेथील इंग्रज सेनापतीस बादशहाच्या नौबतीचा आवाज सहन होत नसे, म्हणून त्याने ती वाजविण्यास मनाई केली, अशी हकीकत आहे. बादशहाला दिल्लीची ओढ लागली होती. इंग्रज त्याला नेण्यास तयार नव्हते. 'आज नको, उद्या पाहू' ही त्यांची भाषा.

याच वेळी पानिपताचे दुःख गिळून मराठे पुन्हा उत्तरेत उतरले होते. विसाजी कृष्ण बिनीवाले, रामचंद्र गणेश कानडे, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी फेब्रुवारी १७७१ मध्ये दिल्ली घेतली. दिल्ली आली, पण तिचा धनी अलाहाबादेस. धन्यावाचून दिल्ली म्हणजे दगडविटांचा ढीग, हे महादजी पुरते जाणून होते. करार झाला: मराठ्यांनी बादशहास दिल्लीस नेऊन बसवावे, बादशहाने चाळीस लक्ष रुपये द्यावेत. इंग्रजांनी परोपरीने त्याला परावृत्त करून पाहिले. शहाआलमाने ऐकले नाही. सुरक्षित पेन्शन सोडून संकटमय तख्ताकडे जाणे, यास कोणी मूर्खपणा म्हणेल. माझ्या मते त्याच्या आयुष्यातील धैर्याची म्हणावी अशी ही गोष्ट होय. ६ जानेवारी १७७२ रोजी महादजींच्या सोबतीने तो आपल्या राजधानीत शिरला. भिंत फोडून गेला तेव्हा तो तिशीचा होता, परत आला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा.

परतल्याबरोबर मराठे आणि बादशहा मिळून रोहिल्यांवर गेले. पानिपतावर अब्दालीला आणणारा नजीबखान १७७० मध्येच मेला होता. त्याचा मुलगा झाबेताखान होता. मार्च १७७२ मध्ये पत्थरगड पडला आणि झाबेताखानाचे कुटुंब विजेत्यांच्या हाती लागले. मराठ्यांनी नजीबाचा सूड त्याच्या मुलखावर मनसोक्त उगविला. पण लुटीच्या वाटणीवरून लवकरच दोस्तांत वितुष्ट आले. डिसेंबरात मराठ्यांनी दिल्लीशेजारी बादशाही फौजेचा पराभव केला आणि कोरा व अलाहाबादही आपल्या नावे लिहून घेतले. कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्ज हे निमित्तच शोधीत होता. बादशहा मराठ्यांच्या कह्यात गेला, सबब करार संपला, असे म्हणून त्याने सव्वीस लक्ष कायमचे बंद केले, आणि ते दोन जिल्हे १७७३ साली पन्नास लक्ष रुपयांस अयोध्येच्या नबाबास विकून टाकले. मात्र दिवाणीची सनद त्याने परत केली नाही!

यानंतरची दहा वर्षे मला धावतेच घेणे प्राप्त आहे. पुण्यात थोरले माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, मराठी फौजा दक्षिणेत वळल्या. दिल्लीत मिर्झा नजफखान या इराणी सरदाराने बादशाहीला थोडी धुगधुगी आणली. आग्रा घेतला, जाटांचे डीग घेतले, झाबेताखानाचा घौसगड घेतला. परंतु एप्रिल १७८२ मध्ये तो वारला आणि त्याचे सहायक एकमेकांच्या जिवावर उठले. अडीच वर्षांत त्यांपैकी दोघांचे खून झाले. दिल्लीपासून पालमच्या गावापर्यंत शहाआलमाची सत्ता, असे लोक थट्टेने म्हणत. पालम दिल्लीपासून किती दूर आहे ते, तेथील विमानतळावर उतरलेल्या श्रोत्यांना सांगावयास नको.

अशा वेळी शहाआलमाने पुन्हा महादजींकडे पाहिले. सालबाईच्या तहाने इंग्रजांकडून मोकळे झालेले पाटीलबाबा १७८४ च्या अखेरीस बादशहास आग्र्याच्या बाजूस भेटले. 'वकील-इ-मुतलक' म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी हे पद पेशव्यांस आणि त्यांचे नायब म्हणून महादजींस मिळाले. मोगल राज्यात याहून मोठे पद नव्हते. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी शिवछत्रपतींना आग्र्यास ज्या दरबारात खालच्या रांगेत उभे केले, त्या दरबाराचा सर्वाधिकार मराठ्यांच्या हाती आला.

श्रोतेहो, येथे आपल्या लोकांची नुसती वाहवा करून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. अधिकार घेतला तेव्हा त्याबरोबर एका माणसाच्या आणि त्याच्या बायकामुलांच्या संरक्षणाचा भार घेतला होता. त्या भाराचे काय झाले?

१७८७ च्या जुलैत राजपुतान्यात लालसोटची मोहीम फसली. पगार थकल्यामुळे बादशाही पलटणी शत्रूस मिळाल्या. महादजी चंबळेच्या दक्षिणेस ग्वाल्हेरकडे हटले. पुण्यास मदतीसाठी पत्रांवर पत्रे गेली. नाना फडणीसांस महादजींचा वाढता दर्प डाचत होता. मदत निघाली, पण रेंगाळत निघाली. तिकडे झाबेताखानाचा मुलगा गुलाम कादर, म्हणजे पानिपतवाल्या नजीबाचा नातू, दिल्लीवर डोळा ठेवून होता. त्याच्या १७८७ मधील पहिल्या प्रयत्नाच्या वेळी बादशहाच्या मदतीस आली ती सरधन्याची बेगम समरू, आपल्या पलटणी घेऊन. पुढच्या वर्षी तो इस्माईल बेगास बरोबर घेऊन पुन्हा आला. यावेळी दिल्लीत नेमलेली थोडीशी मराठी शिबंदी निघून गेली. किल्ल्यात जनानखान्याचा नाझर मंजूर अली हा फितूर झाला. १८ जुलै १७८८ रोजी गुलाम कादर राजधानीत शिरला.

पुढचे अडीच-पावणेतीन महिने लाल किल्ल्यात जे घडले त्याचे सविस्तर वर्णन मी करणार नाही. घराघरांतून मुलेबाळे ऐकत असतील. महंमदशहाची वृद्ध विधवा मलिका-इ-जमानी हिचाही या कटाला पैशाचा हातभार होता. ३० जुलै रोजी शहाआलमास पदच्युत करून बिदरबख्त नावाच्या राजपुत्रास तख्तावर बसविण्यात आले. गुलाम कादरास खजिना हवा होता आणि खजिना नव्हताच. नसलेले धन दाखवा म्हणून त्याने बादशहाला, शहजाद्यांना, बेगमांना उन्हात उभे केले, उपाशी ठेवले, महालाच्या जमिनी खणून काढल्या. १० ऑगस्ट रोजी त्याने साठ वर्षांच्या बादशहास खाली पाडून त्याचे डोळे काढले. 'आता काय दिसते?' असे त्याने विचारले असता, तुझ्यामाझ्यामधील शपथेचे कुराण तेवढे दिसते, अशा आशयाचे उत्तर शहाआलमाने दिले, असे सांगतात. गुलाम कादराने इमानाची शपथ खरोखरच कुराणावर घेतली होती. त्यानंतर राजकुटुंबातील कित्येक मुले व स्त्रिया अन्नपाण्यावाचून किल्ल्यातच मेल्या. पूर्वी मदतीचे अधिकार ज्यांच्यापाशी गेले होते त्या मलिका-इ-जमानीलाही गुलाम कादराने पुढे लुटल्यावाचून सोडले नाही.

महादजींची फौज दिल्लीस आली ती सप्टेंबरच्या अखेरीस. राणेखान आणि जिवबादादा बक्षी हे तिचे सरदार होते. यांपैकी राणेखानाची ओळख मराठी घरांत आहेच. पानिपतावरून जखमी महादजींना ज्याने वाचविले आणि ज्याला महादजी जन्मभर भाऊ मानीत, तोच हा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गुलाम कादर लूट घेऊन पळाला आणि राणेखान किल्ल्यात शिरला. त्याने आधी केली ती गोष्ट म्हणजे भुकेल्या माणसांना अन्न दिले. मग १६ ऑक्टोबर रोजी आंधळ्या शहाआलमाच्या नावाचा खुतबा पुन्हा वाचला गेला. आंधळा मनुष्य तख्तास अपात्र, अशी तैमूरवंशाची जुनी समजूत होती. महादजींनी ती मानली नाही.

गुलाम कादर मेरठच्या किल्ल्यात सापडला. डिसेंबरात एका रात्री घोड्यावरून निसटला असता घोडा कोसळला, तो एका खेड्यात ओळखला गेला आणि मराठ्यांच्या हाती आला. महादजी त्याला लगेच मारण्यास राजी नव्हते; लुटीचा ठाव त्याच्याकडून काढून घ्यावयाचा होता. पण बादशहाची एकच मागणी होती, त्या माणसाचे डोळे. न दिल्यास आपण मक्केस निघून जाऊ, असे त्याने कळविले. मार्च १७८९ मध्ये मथुरेजवळ गुलाम कादरास हालहाल करून मारण्यात आले आणि त्याचे डोळे, कान, नाक दिल्लीस पाठविण्यात आले. आंधळ्या माणसाने ती पेटी हातांनी चाचपून पाहिली असेल काय, हा विचार मनात आला की अंगावर काटा येतो.

महादजींना उशीर झाला याची कारणे खरी होती. पैसा नव्हता, आग्र्याचा वेढा सुटावयाचा होता, पुण्याची मदत पोचली नव्हती. तरी जुलैच्या अठरा तारखेपासून ऑक्टोबरच्या अकरा तारखेपर्यंत दिवस मोजले तर ते पंच्याऐंशी भरतात, आणि त्या पंच्याऐंशी दिवसांत 'वकील-इ-मुतलक' हा किताब मराठ्यांकडेच होता. नाना-महादजींच्या अंतस्थ चुरशीची झळ पुण्याला लागली हे आपण नेहमी वाचतो. तिची एक झळ लाल किल्ल्यातल्या एका म्हाताऱ्यालाही लागली, ही गोष्ट आपल्या इतिहासात लिहिली गेली पाहिजे. विशेष हे की, स्वतः शहाआलमाने महादजींना दोष दिला नाही. डोळे गेल्यावर त्याने फारसीत जी शोककविता रचली, तीत महादजींचा उल्लेख तो पुत्र म्हणून करतो.

पुत्रानेही काही केले, काही राहिले. १७८९ साली बादशहाकडून गोवधबंदीचे फर्मान महादजींनी मिळविले आणि मथुरा-वृंदावनची व्यवस्था आपल्याकडे घेतली. आंधळ्या बादशहाची नेमणूक मात्र ज्या कारभाऱ्यांच्या हातून दिली जाई ते ती पुरती पोचवीत नसत, आणि महालात ओढाताण चाले. देणाऱ्याची नियत कितीही चांगली असो, मधल्या हातांवर नजर नसेल तर घेणाऱ्याच्या पदरी किती पडते, हे पेन्शनीच्या रांगेत उभे राहणाऱ्या माझ्यासारख्याला कोणी शिकवावयास नको.

आता पुण्यास येऊ. १७९२ च्या जून महिन्यात महादजी बादशहाची फर्माने आणि वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन पुण्यास आले. सवाई माधवरावांसाठी ती वस्त्रे होती. नानांचा विरोध होता. पेशवा हा सातारच्या छत्रपतींचा सेवक, त्याने दिल्लीची वस्त्रे कशी घ्यावीत, ही शंका काही खोटी नव्हती. अखेर छत्रपतींची अनुज्ञा घेऊन समारंभ झाला. भव्य शामियाना उभारला होता, आणि त्याच्या टोकाला एक सिंहासन मांडले होते. ते रिकामे होते. ते शहाआलमाचे समजावयाचे. त्यावर फर्मान आणि वस्त्रे ठेविली होती. अठरा वर्षांच्या पेशव्याने त्या रिकाम्या सिंहासनास तीन वेळा मुजरा केला, एकशे एक मोहरा नजर ठेविल्या आणि मग तो त्याच्या डाव्या बाजूस बसला. सारे पुणे तो समारंभ पाहावयास लोटले होते. दिल्लीतील अंध पुरुष त्या क्षणी काय करीत होता कोण जाणे. बहुधा लेखनिकास समोर बसवून कथा सांगत असेल, कारण 'अजायब-उल-कसस' हा त्याचा उर्दू गद्य ग्रंथ त्याच सुमाराचा आहे. पुढे १७९७ मध्ये 'नादिरात-इ-शाही' या नावाने त्याची फारसी, उर्दू, हिंदी आणि पंजाबी पद्ये एकत्र करण्यात आली. तीत ईदेप्रमाणेच होळी-दिवाळीच्या प्रसंगाचीही पद्ये आहेत. 'आफताब', म्हणजे सूर्य, या नावाने तो कविता करी.

महादजी पुण्याहून परतले नाहीत. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस त्यांचा अंत झाला. तेथील त्यांची छत्री आपण पाहिली असेल. त्यांच्या मागून दौलतराव शिंद्यांच्या कारकीर्दीत दिल्लीचा कारभार फ्रेंच सेनापतींच्या हाती राहिला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी लॉर्ड लेकने यमुनेच्या पलीकडे शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पाच दिवसांनी तो किल्ल्यात बादशहाच्या भेटीस गेला. फाटक्याशा छोट्या छत्राखाली एक वृद्ध, अंध, दरिद्री मनुष्य बसलेला त्याला आढळला. त्या मनुष्याने लेकला भलामोठा किताब दिला. देण्यासारखे त्याच्यापाशी तेवढेच होते, आणि गंमत ही की लेकनेही तो घेतला. वर्षअखेर झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहात दौलतरावांनी बादशहावरील आपला हक्क सोडला. अडतीस वर्षांपूर्वी दिवाणी लिहून घेणारे पुन्हा त्याचे पालक झाले. त्यांनी तैनात बांधून दिली. ती वेळेवर पोचत असे, आणि तिच्याबरोबर बादशहाच्या दारात एक इंग्रज रेसिडेंटही कायमचा बसला.

१९ नोव्हेंबर १८०६ रोजी शहाआलम वारला. मेहरौलीस कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याशेजारी, मोती मशिदीच्या लहानशा आवारात त्याची कबर आहे. तेथे आणखी एका कबरेपुरती जागा मोकळी आहे. ती त्याच्या नातवासाठी, बहादूरशहा जफरसाठी होती. तो १८६२ साली रंगूनला मेला आणि तेथेच पुरला गेला.

शहाआलमाचे नाव मात्र त्याच्याबरोबर पुरले गेले नाही. कंपनी बंगालात जे रुपये पाडीत होती त्यांवर त्याचेच नाव असे, आणि त्याच्या राज्यारोहणाचे एकोणिसावे वर्ष. विसावे उजाडले, तिसावे उजाडले, तरी नाण्यावरचे एकोणीस काही हलेना. कारण जुन्या सालाच्या नाण्याला सराफ बट्टा लावीत, म्हणून कंपनीने साल गोठवूनच टाकले होते. त्या नाण्यावरील फारसी लेखात तर सातही खंडांवर त्याचा शिक्का चालतो असे म्हटलेले आहे. शिंद्यांच्या उज्जैनच्या टांकसाळीतही त्याचेच नाव. अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयावर एका बाजूस शिवलिंग व बेलपत्र आहे, आणि त्याच रुपयावर फारसी लिपीत शहाआलम बादशहाचे नाव आहे. असा एक रुपया मी एका स्नेह्याच्या संग्रहात हातात घेऊन पाहिला आहे. बेलाची तीन पाने अजूनही स्पष्ट दिसतात.

कंपनीने हा प्रघात १८३५ साली बंद केला, म्हणजे शहाआलमाच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी. त्या वर्षीपासून रुपयावर इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचा मुखवटा छापला जाऊ लागला.